अण्णांची आटोपशीर प्रार्थना

मिशन कॉलनीतल्या चर्चचा नव्वदावा वर्धापनदिन जवळ आला आणि त्या दिवसाच्या उपासनेची आखणी प्रतिभा त्रिभुवनच्या गळ्यात पडली. पडली म्हणजे काय, तिनं आपणहून मान पुढं केली होती. ती शाळेत गणित शिकवायची आणि शाळेचं वेळापत्रकही तीच बनवायची. मुख्याध्यापकसुद्धा रजा टाकायच्या आधी प्रतिभाबाईंना विचारून घेत. अशा बाईला गीतं किती, बायबलमधले पाठ कोण वाचणार, उपदेश कुठं संपणार हे ठरवायला मिळत असेल, तर ती नाही कशाला म्हणेल?

अडचण एकच होती, आणि ती तिच्याच घरात राहत होती.

अडचणीचं नाव चिमाजी अण्णा. प्रतिभाचे सासरे. पूर्वी ते मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यामुळं कॉलनीतल्या तीन-चार पिढ्यांची पोटं, गुडघे आणि पथ्यं त्यांना तोंडपाठ. आता चर्चच्या मंडळीत सगळ्यांत ज्येष्ठ तेच, आणि म्हणून वर्धापनदिनाला उपदेशानंतरची उपकाराची, म्हणजे देवाचे आभार मानायची, प्रार्थना करायचा मानही त्यांचाच. ही प्रार्थना म्हणजे या मंडळीची खास रीत. कॉलनीच्या फाटकापासून सुरुवात करून पार मागच्या विहिरीपर्यंत एकूणएक घराचं नाव घ्यायचं, आणि त्या घराचं जे काही सुखदुःख असेल ते देवाच्या कानावर घालायचं.

आता देवाच्या कानावर घालताना वाटेत मंडळीचेही कान लागतात, हे अण्णांच्या लक्षात येत नसे, किंवा येऊनही ते सोडून देत. "बापा, पिंकीला यंदा गणितात पास कर, मागच्या वेळी काय झालं ते तू बघितलंच." पिंकीचा निकाल तोवर तिच्या घरीसुद्धा धड माहीत नव्हता. "बापा, लताबाई आणि तिची सून यांच्यात समेट घडव." दोघी एकाच बाकावर, मध्ये फक्त गीतांचं पुस्तक. "बापा, महेशचं सुटलं होतं ते पुन्हा सुरू झालंय. तू जाणतोस." महेशची बाटली देव जाणत होताच, आता त्याची बायको अंजलीही जाणू लागली. कॉलनीत लोक पेपर घेत, मोबाइल बघत, पण घरोघरची खरी बातमी वर्षातून एकदा, डोळे मिटून, चर्चमध्येच मिळायची. तोवर मागच्या आवारात प्रेमभोजनासाठी केलेला मटणाचा रस्सा दोनदा गरम करावा लागे.

यंदा अण्णा काय मागणार हे प्रतिभाला आधीच कळलं. चहा पिता पिता त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, "यंदा आपल्या स्नेहलसाठी मागणार हाय मी. लग्न मोडलं पोरीचं. सगळ्या मंडळीनं मिळून मागितलं की माणसाला लय बळ येतं."

स्नेहल म्हणजे प्रतिभाची एकुलती एक मुलगी. गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. मनमाडच्या एका मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं. चर्चच्या रीतीप्रमाणं लग्नाआधी सलग तीन रविवार भर उपासनेत दोघांची नावं पुकारतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. दोन रविवार नावं पुकारून झाली. मग मुलाचा फोन आला. लग्नानंतर नोकरी सोडायची आणि मोबाइलचा पासवर्ड आपल्याकडं द्यायचा, असं त्याचं म्हणणं. स्नेहलला मुलगा आवडला होता, त्याचा हुकूम आवडला नाही. शेवटी हरकत खुद्द नवरीनंच घेतली, आणि तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी नावं पुकारलीच नाहीत.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," असं म्हणून प्रतिभानं दुसऱ्या दिवसापासून लोकांना सांगायला सुरुवात केली, की मुलाला कंपनीनं चेन्नईला पाठवलंय, लग्न जरा पुढं गेलंय. माणसं सालस. भेटेल तो विचारायचा, "चेन्नईला उकडत असेल नाही?" मग प्रतिभा रोज सकाळी मोबाइलवर चेन्नईचं हवामान बघू लागली. खोटं बोलायचं तर निदान तापमान तरी खरं सांगावं! नवरा दिनेश अंबडच्या कारखान्यातून थकून यायचा आणि या विषयावर तोंडात गुळणी धरून बसायचा. राहिली स्नेहल. ती क्वायरमध्ये गायची आणि तिचा आवाज क्वायरमधला सगळ्यांत मोकळा. प्रतिभानं तिला सांगितलं, "थोडे दिवस गाऊ नकोस. मागं बस. लोकांच्या नजरा नकोत." पोरगी शेवटच्या बाकावर जाऊन बसली, ती चार महिने तिथंच होती.

आणि आता अण्णा भर वर्धापनदिनाला, पाहुणे म्हणून येणाऱ्या खुद्द बिशपसाहेबांच्या समोर, डोळे मिटून ती मूठ उघडणार होते.

कमिटीची बैठक रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांच्या ऑफिसात भरली. सगळ्यांचं एकमेकांना सलाम करून झालं, चहा झाला, मागच्या वर्षीच्या मांडववाल्याला नावं ठेवून झाली. पाळकसाहेब तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. ते म्हणाले, "बिशपसाहेबांनी उपदेश करायचं कबूल केलंय. पण त्यांना दुपारी सटाण्याला दुसरा कार्यक्रम आहे. जेवायलासुद्धा थांबतील की नाही, सांगता येत नाही."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं प्रतिभाचं झालं. तिनं पेन उचललं. "मग उपासना आटोपशीर हवी. उपदेश बिशपसाहेबांचा, त्याला हात लावता येणार नाही. गीतं कमी केली तर क्वायर रुसेल. राहता राहिली..." एवढं बोलून ती थांबली. नाव कुणीच घेतलं नाही, पण सगळ्यांचे चेहरे उजळले.

"अगदी बरोबर!" महेश इतक्या जोरात म्हणाला की अंजलीनं त्याच्याकडं वळून बघितलं. लताबाई म्हणाल्या, "मी तर केव्हाची म्हणतेय. देवाला काय ऐकू कमी येतं?" दर वर्षी जेवणाचं बघणारा ज्ञानेश म्हणाला, "रस्सा आटतो हो, ताई. पाणी घालावं लागतं, मग लोक मला बोलतात." उपकाराची प्रार्थना थोडक्यात व्हावी, नावं घेऊ नयेत, हे एकमतानं ठरलं. या कमिटीत एकमत होण्याची ती पहिलीच वेळ असावी.

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, एवढाच प्रश्न उरला. पाळकसाहेब घाईघाईनं म्हणाले, "मी नवीन माणूस. शिवाय मला ताप आला तेव्हा अण्णांनीच काढा करून पाजला होता. तुम्ही घरच्याच आहात, बाई." प्रतिभानं रीतसर थोडे आढेवेढे घेतले आणि मग हो म्हटलं. सापही मरत होता आणि काठीही मोडत नव्हती. बिशपसाहेबांच्या घाईच्या आड आपली घाई कुणाला दिसणार नाही, याचं तिला मनातून फार बरं वाटत होतं.

घरी अण्णा दारातल्या ओट्यावर मेथी निवडत बसले होते. प्रतिभा सगळी तयारी करून आली होती. अण्णा चिडले तर काय बोलायचं, रुसले तर काय, जुन्या पाळकांचे दाखले द्यायला लागले तर काय. त्यातलं काहीच लागलं नाही. अण्णा म्हणाले, "बिशपसाहेबांना घाई हाय का? मग बरोबर हाय. पाहुण्याला उपाशी धाडायचं नाय." तिनं लगेच पर्समधून कागद काढला. मोजून आठ ओळींची प्रार्थना तिनं आधीच लिहून आणली होती. त्यात 'सर्व कुटुंबांवर तुझी कृपादृष्टी ठेव' अशी एक ओळ होती, त्या ओळीत अख्खी कॉलनी बसवलेली.

अण्णांनी कागद डोळ्यांपाशी धरला, लांब धरला. "हे वाचायचं?"

"हो, अण्णा. मोठ्या अक्षरात लिहिलंय."

"डोळे उघडे ठेवून?"

"वाचायचं म्हणजे उघडेच ठेवावे लागतील ना."

"उघड्या डोळ्यांनी वाचायला ती काय औषधाची बाटली हाय?" अण्णा म्हणाले. "प्रार्थना डोळे मिटूनच करायची. आठ ओळी तर आठ ओळी, पण मी पाठ करीन. स्नेहलला सांग, माझ्याकडनं म्हणून घे."

मग रोज संध्याकाळी ओट्यावर अण्णांची शाळा भरू लागली. पहिल्या तीन ओळी गाडी झोकात जायची. चौथ्या ओळीला घात व्हायचा.

"सर्व कुटुंबांवर तुझी कृपादृष्टी ठेव," अण्णा म्हणायचे, आणि डोळे मिटलेलेच असल्यामुळं त्यांना लगेच फाटक दिसायचं. "फाटकाजवळच्या वत्सलाबाईच्या गुडघ्यांवर..."

"आजोबा, नाही. पुढं चला."

"पुढं ज्ञानेशचं घर."

"घर नाही हो. पुढची ओळ!"

स्नेहल हसून हसून बेजार व्हायची. चार महिन्यांत घरात एवढं हसू ऐकू आलं नव्हतं. प्रतिभा आतून ऐकायची आणि तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय म्हणून पुन्हा कसंतरी वाटायचं.

एकदा असंच चौथ्या ओळीवर अडखळल्यावर अण्णा डोळे उघडून म्हणाले, "यात तुझं बी नाव नाय, पोरी. मी तुझ्या मम्मीला म्हणलो होतो, यंदा तुझ्यासाठी मागतो म्हणून. पण बिशपसाहेबांना घाई हाय ना."

स्नेहलचं हसू थांबलं. "कधी म्हणालात?"

"कमिटी बसायच्या आधी. चार-पाच दिस झाले असतील."

स्नेहल कागद ओट्यावर ठेवून सरळ स्वयंपाकघरात आली. प्रतिभा भाकरी थापत होती.

"मम्मी, घाई बिशपसाहेबांना आहे की तुला?"

"म्हणजे काय? त्यांना सटाण्याला जायचंय. पाळकसाहेबांना विचार."

"क्वायरमधून तू मला काढलंस. आता प्रार्थनेतूनही काढलंस."

प्रतिभाचे हात थांबले. "मी तुझ्यासाठीच करते ना सगळं? उद्या दुसरं स्थळ बघायचं, तर लोक काय म्हणतील? दोनदा नावं पुकारलेली मुलगी..."

"लोकांना माहीत आहे, मम्मी. दोनदा ऐकली, तिसऱ्यांदा ऐकली नाहीत. तुझ्यापेक्षा कमी गणित येत असेल त्यांना, पण तीनपर्यंत मोजता येतं." स्नेहलचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी नाही म्हटलं याची मला लाज वाटत नाही. तुला वाटते. ती मला रोज दिसते."

ओट्यावरून अण्णांचा आवाज आला, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाय, प्रतिभा." मग जरा थांबून ते म्हणाले, "पण मी शब्द दिलाय तो दिलाय. आठ ओळींच्या बाहेर जाणार नाय."

खरं तर प्रतिभाचं काम झालं होतं. तिला हवा होता तो शब्द मिळाला होता. तरी तव्यावरची भाकरी करपली आणि तिला रडू आलं. एक मन म्हणत होतं, तो कागद फाडून टाक. दुसरं मन म्हणत होतं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे, निभावून ने. प्रतिभा दुसऱ्या मनाचं ऐकणारी बाई होती. तिनं करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली आणि नवी थापायला घेतली.

वर्धापनदिनाचा रविवार उजाडला. मखमलाबादच्या मळ्यातून झेंडू आला होता, दारावर तोरणं लागली होती. ज्ञानेशच्या चुली पहाटेपासून पेटल्या होत्या आणि मसाल्याचा वास गीतांच्या आधीच चर्चमध्ये येऊन बसला होता. दिनेश फाटकापाशी उभा राहून गाड्या लावून घेत होता. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. स्नेहल शेवटच्या बाकावर बसली होती.

बिशपसाहेब गाडीतून उतरले. हार घालून झाला, सलाम झाला. ते हसत म्हणाले, "सटाण्याचा कार्यक्रम उद्यावर गेला बरं का. आज मी निवांत. जेवूनच जाणार. मटण आहे म्हणे?"

पाळकसाहेब तिच्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई, मग आता अण्णांना सांगायचं का? नेहमीसारखीच होऊ द्या म्हणून? आता काही घाई नाही."

तिनं शेवटच्या बाकाकडं बघितलं. स्नेहल खाली बघून गीतांचं पुस्तक चाळत होती. आता सबबही उरली नव्हती, एवढं म्हणायचं होतं की हो, सांगा. "नको," प्रतिभा म्हणाली. "ठरलंय ते ठरलंय. अण्णांनी एवढं पाठ केलंय." असं म्हणून ती आपल्या जागी, पुलपिटाच्या, म्हणजे उपदेशाच्या चौथऱ्याच्या, बाजूला माइकपाशी जाऊन उभी राहिली. तिला स्वतःचा राग आला, आणि तो राग तिनं घड्याळ बघण्यात घालवला.

उपासना अगदी तिच्या आखणीबरहुकूम झाली. पेटी-तबल्यावरची गीतं रंगली, पाठ वाचणारे अडखळले नाहीत, बिशपसाहेबांचा उपदेश मुद्द्याला धरून झाला. मग चिमाजी अण्णा काठी टेकत उठले. त्यांना बघताच सगळी मंडळी नेहमीच्या तयारीनं सरसावली. म्हाताऱ्यांनी पाठ टेकली, आयांनी पोरांना मांडीवर घेतलं, पुरुषांनी बुटांचे बंद सैल केले. सगळ्यांचे डोळे मिटले.

अण्णांनी आठ ओळी म्हटल्या. चौथ्या ओळीवर त्यांचा आवाज किंचित लांबला, सगळ्या चर्चला वाटलं, निघाली गाडी फाटकाकडं. पण अण्णांनी लगाम खेचला, पुढची ओळ म्हटली, त्याच्या पुढचीही म्हटली, आणि "आमेन" म्हणून थांबले.

कुणीच आमेन म्हटलं नाही. कुणी डोळेही उघडले नाहीत. म्हाताऱ्यानं दम घेतला असेल, असंच सगळ्यांना वाटलं. पंखे फिरत होते. मागं कुठंतरी झाऱ्याचा पातेल्यावर आवाज झाला.

शेवटी पुढच्या बाकावरून वत्सलाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "चिमाजी, अरे माझं घर राह्यलं."

"प्रार्थना झाली, वत्सलाबाई," अण्णा म्हणाले. "मला एवढीच सांगितली हाय."

"कुणी?"

अण्णांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. एखादी गोष्ट पोटात ठेवायची त्यांची ही आयुष्यातली पहिली खेप असावी, आणि ती त्यांना चांगलीच जड जात होती.

"असं कसं?" लताबाई म्हणाल्या. याच बाईनं कमिटीत देवाच्या कानांची चौकशी केली होती. "आमचं घर घेतल्याशिवाय वर्ष सुरू झाल्यासारखं वाटत नाही." "हो ना," शेजारून त्यांची सून म्हणाली. त्या दोघींचं एकमत झालेलं मंडळीनं पहिल्यांदाच ऐकलं.

मग महेश उभा राहिला. कान लाल झालेले. "अण्णा, माझंही घ्या. तेव्हा पुन्हा सुरू झालं ते तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आता बंद झालंय, पार दिवाळीपासून. ते पण सांगा ना देवाला. सगळ्यांसमोर सांगा." अंजलीनं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं आणि मग तो हात सोडलाच नाही. खिडकीतून ज्ञानेश डोकावून म्हणाला, "घ्या, घ्या. रस्सा थांबेल."

बिशपसाहेबांनी डोळे किलकिले करून पाळकसाहेबांकडं बघितलं. पाळकसाहेबांनी छताकडं बघितलं. "मला तर काहीच घाई नाही," बिशपसाहेब म्हणाले.

अण्णांनी मान हलवली. "मी शब्द दिलाय. आठ ओळींच्या पुढं मला जाता येणार नाय. उपासना प्रतिभाची हाय. नावं तिनं घ्यावीत." आणि ते काठी टेकत खाली बसले.

आता सगळ्यांचे मिटलेले डोळे प्रतिभाकडं लागले. उघडे असते तर तिनं काहीतरी सबब सांगितली असती. मिटलेल्या डोळ्यांना काय सांगणार? तिनं आखणीचा कागद खाली ठेवला, माइक धरला आणि डोळे मिटले. आणि गंमत म्हणजे तिला फाटक दिसलं.

"बापा, फाटकाजवळच्या वत्सलाबाई," ती म्हणाली. "त्यांचे गुडघे." वत्सलाबाईंनी समाधानानं हुं केलं. मग ज्ञानेशचं घर, त्याच्या आईचा डोळा. मग लताबाई आणि त्यांची सून, आज एका सुरात बोलल्या त्याबद्दल उपकार. मग पिंकी. "बापा, पिंकीला गणितात पास कर, आणि माझ्याकडं शिकवणीला वेळेवर यायची बुद्धी दे." लोक हसले, पिंकीही हसली. महेशचं बंद झालंय, तेही तिनं दिवाळीसकट सांगितलं. तीसेक वर्षं या प्रार्थनेला मनातल्या मनात नावं ठेवता ठेवता तिला सगळी कॉलनी पाठ झाली होती, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. घरामागून घर येत होतं आणि ती चालत होती.

महेशच्या पुढचं घर तिचं होतं.

प्रतिभा थांबली. त्याच्या पुढं सखुबाईंचं घर, मग विहीर. एक घर गाळून पुढं गेलं की झालं. घरच्याच माणसानं घरचं घेतलं नाही, यात कुणाला वावगं वाटणार नव्हतं. चर्चमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. तिला कळलं की सगळ्यांना माहीत आहे. सगळे चार महिने माहीत असून तिला चेन्नईचं हवामान विचारत होते, ते तिला सांभाळून घ्यायला. आणि शेवटच्या बाकावरच्या पोरीला कुणी सांभाळलं होतं?

"आणि आमचं घर, बापा," ती म्हणाली. "आमच्या स्नेहलचं लग्न मोडलं. तिनं स्वतः मोडलं आणि योग्य केलं. मी सगळ्यांना खोटं सांगत आले. तिनं काही चूक केली नव्हती, तरी तिला मीच मागं बसवलं. मला लाज वाटत होती, बापा, माझ्याच पोरीची..." पुढचं तिला बोलता येईना. आमेनसुद्धा म्हणता येईना, आणि आमेन झाल्याशिवाय डोळे उघडायची या मंडळीत रीत नाही. सगळी मंडळी तशीच अंधारात थांबून राहिली.

मग शेवटच्या बाकावरून आवाज आला. माइक नव्हता, पण त्या आवाजाला माइक कधी लागलाच नव्हता.

"आणि बापा, आमच्या मम्मीसाठी," स्नेहल म्हणाली. "दर वर्षी सगळ्यांची नावं होतात. तिचं वेगळं नाव कुणी घेत नाही, ती घरच्यांत धरली जाते. आज मी घेते. प्रतिभा. ती माझ्यासाठी फार घाबरते. तिची भीती काढून घे. मी चार महिने तिच्यावर रागावले होते, तो राग पण घे, मला आता नकोय तो. येशूच्या नावानं मागते."

"आमेन!" सगळी मंडळी एकदम म्हणाली. विहिरीकडचं सखुबाईंचं घर घ्यायचं राहून गेलं होतं, पण त्यांचं आमेनही त्यात होतं, आणि बिशपसाहेबांचंही. तो आवाज ओसरला, लोक डोळे पुसत एकमेकांकडं बघायला लागले, पोरं मांडीवरून उतरली.

प्रतिभाचे डोळे अजून मिटलेलेच होते. तिनं माइक घट्ट धरला होता आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, जरा उशिरानं, एकटीनंच ती म्हणाली, "आमेन."